शिकायला काय, जुनी चालेल!

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘पहिलंवहिलं’ असा विषय दिला, तोवर पहिलं प्रेम, पहिली नोकरी आणि पहिला पाऊस ही खाती वाटून झाली होती. माझ्या वाट्याला पहिली गाडी आली. तीही माझी नव्हे, भाचीची. ती कोल्हापूरची. मे महिन्यात तिला अठरा पूर्ण झाली, जूनमध्ये लर्निंग लायसन्स निघालं, ऑगस्टमध्ये पक्कं. कॉलेज वारणानगरच्या बाजूला. प्रॅक्टिकल आटोपेपर्यंत सोयीची एसटी निघून गेलेली असते. ताईचा फोन आला, “चार लाखांच्या आत काहीतरी बघ बाबा. शिकायला काय, जुनी चालेल.”

हे शेवटचं वाक्य मी पुढच्या दोन आठवड्यांत दाजींकडून, शेजाऱ्यांकडून, चहावाल्याकडून आणि प्रत्येक डीलरकडून ऐकलं. त्यामागचा हिशेब साधा असतो. पोर नवखी आहे, चार ठिकाणी घासणार, एकदा ठोकणार. मग चांगली गाडी कशाला खराब करायची? म्हणून घरातल्या सगळ्यांत कच्च्या हाताला सगळ्यांत दमलेली गाडी मिळते. ब्रेक अर्धवट, टायर गुळगुळीत, एअरबॅग नाही. वीस वर्षं घाट उतरलेला बाप मात्र नवी गाडी चालवतो. मलाही हे कधी उलटं वाटलं नव्हतं. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी वाटायला लावलं.

पितृपक्षातला सौदा

जुन्या गाड्यांचा बाजार पंचांगावर चालतो. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी गाडी न्यायला रांग लागते आणि भाव हलत नाही. पितृपक्षात मात्र यार्डात कुत्रं फिरकत नाही. डीलरने गाड्या उचललेल्या असतात त्या बहुधा उसन्या पैशावर. गिऱ्हाईक थांबलं तरी व्याज थांबत नाही.

आम्ही नेमके पितृपक्षात गेलो. हायवेलगत शिरोलीपासून उचगावपर्यंत अशी यार्डं दिसतात. पत्र्याची शेड, समोर खडी, ओळीने धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या गाड्या आणि काचेवर पांढऱ्या रंगात ‘सिंगल ओनर’, ‘४२,००० रनिंग’, ‘नॉन-अॅक्सिडेंट’. गाड्या बहुतेक डॉक्टरांनी वापरलेल्या. कोल्हापुरात इतके डॉक्टर असतील असं मला वाटत नाही.

२०२५चा पितृपक्ष डीलरांना दुप्पट जड गेला. छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येणार हे ३ सप्टेंबरला जाहीर झालं आणि लागू व्हायची तारीख ठरली २२ सप्टेंबर, म्हणजे बरोबर घटस्थापना. काही नव्या छोट्या गाड्या लाखभराने उतरल्या. जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या भावाला टांगलेला असतो. वरची खुंटी खाली आली की खालचं गाठोडंही खाली येतं. “लोकं म्हणत्यात, बावीस तारखेनंतर बघू,” एका डीलरने आम्हाला चहा पाजत सांगितलं, आणि आम्ही न विचारताच वीस हजार कमी केले.

ताईची अट एकच होती, पितृपक्षात गाडी दारात येणार नाही. अडचण वाटली, पण तीच सोय ठरली. बघायचं आणि भाव पाडायचा पितृपक्षात, टोकन द्यायचं सर्वपित्रीच्या आधी, गाडी आणायची घट बसल्यावर. पितरांनी हरकत घेतल्याचं अजून तरी कळलेलं नाही.

चालवणार कोण?

पहिल्या दोन यार्डांत आम्ही चार गाड्या चालवून पाहिल्या. आम्ही म्हणजे दाजींनी. मी त्यांच्या शेजारी, ताई आणि भाची मागे. दाजी पिकअप बघत होते, मी एसी बघत होतो, ताई सीटकव्हर बघत होती. भाची मोबाइल बघत होती. आमच्यापैकी कुणालाही यात काही विचित्र वाटलं नाही.

तिसऱ्या यार्डात दाजींच्या ओळखीचे मिस्त्री आले. साठीच्या घरातले, पद्मिनी गाडीच्या काळापासून हात काळे केलेले. गाडी बघायचे पाचशे रुपये घेतात आणि घेतली नाहीत तरी घेतात, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. दाजी सवयीने चालकाच्या जागी बसले. मिस्त्रींनी दार धरलं.

“चालवणार कोण? हीच नव्हं? मग मागं कशाला बसवलंसा तिला?”

भाची पुढे आली. पाच फुटांची मुलगी. क्लच पूर्ण दाबायला ती सीटच्या टोकावर सरकली तेव्हा स्टीअरिंग छातीला टेकायला आलं. सीट वर-खाली करायची सोय त्या मॉडेलला नव्हती. मिस्त्रींनी खांद्यावरची हत्यारांची पिशवी गाडीच्या मागे चार पावलांवर नेऊन ठेवली आणि विचारलं, “आरशात पिशवी दिसती?” दिसत नव्हती. “मान वळवून बघ.” तरी नाही. मागची काच बारकी आणि पिलर जाडजूड होते. “पिशवीच्या जागी बारकं पोरगं असतं तर?” एवढं बोलून त्यांनी पिशवी उचलली आणि पुढच्या गाडीकडे निघाले. गाडी दाजींना फार आवडली होती.

त्यानंतर प्रत्येक गाडीत आधी भाची बसली. क्लच किती जड, तो सुटताना कुठे पकडतो, बॉनेटचं टोक दिसतं का, हॅण्डब्रेक ओढायला ताकद पुरते का, हे तीच सांगायला लागली. “मी ही नाही घेत, मला पुढचं काहीच दिसंना,” ती म्हणाली. नंतर हळूच, “ही मी चालवू शकतो.” कोल्हापूरच्या मुली ‘मी चालवतो’ म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी मुद्रितशोधकावर रागावू नये.

पट्ट्याच्या टोकाला

एक पांढरी हॅचबॅक सगळ्यांच्या मनात भरली होती. रंग आरशासारखा, सीटकव्हर नवी, आत अत्तराचा घमघमाट. भाव बाजारापेक्षा पन्नास हजारांनी कमी. मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. भाचीला म्हणाले, “सीटबेल्ट ओढ. अजून ओढ. पार शेवटपर्यंत.”

रोज वापरताना पट्टा अर्धाच बाहेर येतो. उरलेला वीतभर दोन वीत भाग कायम गुंडाळीत असतो आणि गाडी धुणारा तिथवर पोचत नाही. पट्टा संपत आला तेव्हा त्याच्यावर एक आडवी तपकिरी रेघ दिसली, घागरीच्या आत पाण्याची पातळी उमटते तशी. रेघेच्या खालचा पट्टा कडक झाला होता. मिस्त्रींनी मग सीट मागे ढकलून खालच्या रुळांवर बोट फिरवलं, ते तांबूस झालं. डिकीतली स्टेपनी उचलली. खोबणीच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ होता, बारीक, पिठासारखा. हा गाळ ओळखायला कोल्हापुरात कुणाला प्रयोगशाळा लागत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेने तो घराघरांत आणून ठेवला होता.

पुरात बुडालेल्या गाडीचं पुढे काय होतं? दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ‘टोटल लॉस’ धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी लिलावात जाते. काहींचे सुटे भाग होतात. काही मात्र धुऊन, वाळवून, नव्या सीटा घालून पुन्हा रस्त्यावर येतात, बहुतेकदा दुसऱ्याच जिल्ह्यात, जिथे त्या पुराची आठवण कुणाला नसते. इंजिन सुरू होतं, कारण ते उघडून साफ करता येतं. अडचण वायरिंगची. जोडण्यांच्या आत शिरलेली ओल वर्षभराने बोलायला लागते. कधी दिवे जातात, कधी काच अडकते. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत खाली, गिअरच्या आसपास, म्हणजे पाणी सगळ्यांत आधी पोचतं तिथेच बसवलेलं असतं.

डीलर म्हणाला, “सायेब, आमालाबी म्हाईत नव्हतं.” खरंही असेल. मिस्त्री त्याच्याकडे बघत नव्हते. ते पट्टा हळूहळू परत गुंडाळू देत होते.

जुलै २०१९

गाडीचं वय सांगताना बाजारात ‘पासिंग’ म्हणतात, म्हणजे आरटीओत नोंद झाली ते वर्ष. डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये विकली गेली की कागदावर वर्षाने तरुण होते. बनल्याचा महिना आरसीवर वेगळा लिहिलेला असतो. आमच्या कामात तोच महिना महत्त्वाचा होता.

कारण असं, की भारतात साध्या गाडीत जीव वाचवणारी सामग्री सक्तीने आली ती टप्प्याटप्प्याने. करकचून ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस १ एप्रिल २०१९पासून सगळ्या नव्या कारना बंधनकारक झालं. चालकाची एअरबॅग, पुढच्या दोघांना सीटबेल्टची आठवण करून देणारी घंटा, मागचे पार्किंग सेन्सर आणि वेगाचा इशारा १ जुलै २०१९पासून. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या मॉडेलांत यायला २०२२ उजाडलं. वेगाचा इशारा म्हणजे ८० ओलांडल्यावर अधूनमधून आणि १२०च्या वर सतत वाजणारी टिकटिक. दाजींना ती ऐकून मनापासून आनंद झाला. मुलीशी भांडायला गाडीतच एक माणूस मिळाला.

म्हणून माझं मत असं झालं, की २०१८ची वरच्या मॉडेलची, टचस्क्रीनवाली, अलॉय चाकांची गाडी आणि २०१९च्या उत्तरार्धातली खालच्या मॉडेलची, मागच्या काचा हाताने फिरवायची गाडी एकाच भावात मिळत असेल, तर नवख्या चालकासाठी दुसरी घ्यावी. वरच्या मॉडेलांत त्याआधीही एअरबॅग असायच्या, नाही असं नाही; पण मग त्या आहेत की स्टीअरिंगवर नुसतं झाकण आहे, हे तपासणं आलं. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझायला हवा. लागलाच नाही तर कुणीतरी बल्ब काढलाय असं समजावं.

ताऱ्यांचं प्रकरणही याच सुमाराचं. ग्लोबल एनकॅप या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेने २०१४मध्ये आपल्याकडच्या लोकप्रिय छोट्या गाड्या एअरबॅगविना आपटल्या तेव्हा अल्टो, आय-१०, नॅनो, स्विफ्ट यांना एकही तारा मिळाला नाही. पोलोलाही आधी शून्यच मिळालं होतं; दोन एअरबॅग घातलेल्या पोलोला मग चार मिळाले. इटिऑस लिव्हाला २०१६मध्ये चार मिळाले, टिआगोला २०२०मध्ये चार. वॅगन-आरला २०१९मध्ये दोन.

इथे मिस्त्रींचं आणि माझं वाजलं. त्यांचा जीव मारुतीवर. “पार्ट कुठंबी मिळतो. गगनबावड्याला बंद पडली तरी पोरगं दुरुस्त करतंय.” हे खोटं नाही. पार्ट न मिळणारी गाडी फुकटातही महाग असते; शेवरोलेने २०१७मध्ये इथली विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१मध्ये कारखाने बंद करायचं जाहीर केलं, तेव्हापासून त्यांच्या भक्कम गाड्या मातीमोलाने मिळतात, त्या यासाठीच. पण वॅगन-आर आणि टिआगो दोन्ही एकाच भावात समोर उभ्या असतील तर? मिस्त्रींनी डोकं खाजवलं. “तारं मला कळत न्हाईत. पण दार वडून बघ दोन्हीचं.” भाचीने दोन्ही दारं ओढून लावली. आवाजातला फरक तिलाही कळला, त्यांनाही. दाराच्या आवाजाने गाडी सुरक्षित ठरत नाही, हे मी मनात ठेवलं. बाजू माझीच जिंकत होती.

तेलाचं झाकण

शेवटी नजरेत बसलेली टिआगो २०२०ची, पेट्रोल, एमएच-०९ पासिंग, सगळ्यांत खालचं मॉडेल. मीटरवर ६१ हजार. डीलरने आदल्या दिवशी फोन केला होता, गाडी तापवून ठेवतो म्हणून. मिस्त्रींनी बजावलं होतं, “हात लावू नका म्हणावं. थंड पाहिजे.” गार इंजिन पहिल्या चावीला कसं बोलतं, यावर त्याची निम्मी कुंडली कळते. तापलेलं इंजिन सगळ्यांशी गोड वागतं.

गाडी सुरू करायला लावून त्यांनी तेलाचं झाकण उघडलं आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवलं. झाकण जरासं थरथरलं आणि जागेवर राहिलं. इंजिन दमलेलं असलं की आतला दाब खालून फुसफुसत वर येतो, झाकण नाचतं, तेलाचे शिंतोडे उडतात. गॅरेजात याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. मग ते सायलेन्सरजवळ उकिडवे बसले. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत शिरतंय. इथे काहीच नव्हतं.

त्यांच्या खिशात एक लोहचुंबक होतं, चिंधीत गुंडाळलेलं. ते पत्र्यावरून सरकवत न्यायचं. जिथे ठोकर भरायला लांबी मारलेली असते तिथे चुंबकाची पकड सैल होते. डाव्या मागच्या दारावर ते घसरलं. “हितं लागलंय.” मग दार उघडून पिलर, बिजागरीचे बोल्ट, रबराखालची शिवण बघितली. बोल्टांवरचा रंग शाबूत. नुसतं दार चेपलं होतं, सांगाडा सरळ होता. “दाराचं चालतंय. दार म्हणजे कापड. हाड मोडल्यालं नको.” काचांच्या कोपऱ्यांतल्या खुणाही सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच काळातल्या निघाल्या. टायरवर मात्र ‘२०२०’ असा चार आकडी शिक्का होता, म्हणजे २०२० सालचा विसावा आठवडा. नक्षी अजून दिसत होती, पण पाच वर्षांचं रबर कडक होतं आणि पावसात घसरतं. मिस्त्रींनी चारही टायर भावात धरायला सांगितले.

मीटरवर विश्वास का ठेवायचा? आदल्या दिवशीच्या एका गाडीने ते शिकवलं होतं. मीटर ४६ हजार सांगत होतं. भाचीने सहज ग्लोव्ह बॉक्स उपसला, तर तळाशी कुठल्याशा गॅरेजचं ऑइल बदलल्याचं कार्ड निघालं. पुढची सर्व्हिस ७१ हजारांवर. ब्रेकच्या पेडलचं रबरही एका कडेला पार झिजलेलं. मीटर पाडणारे काम सफाईने करतात, पण पेडल आणि ग्लोव्ह बॉक्स त्यांच्या लक्षात येत नाही. टिआगोचं रबर ६१ हजारांना शोभेल असं होतं आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर दिल्यावर निघालेल्या नोंदी चढत्या क्रमाने जुळल्या.

मग चढावर थांबवून हाफ क्लचवर उभी करणं, खड्ड्यातून नेऊन सस्पेन्शन ऐकणं, मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगात ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का बघणं. हे सगळं भाचीने केलं. चढावर दोनदा गाडी बंद पडली. मागच्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला नाही.

“चारचं बजेट असंल तर साडेतीनची गाडी बघायची,” मिस्त्रींचा हिशेब. उरलेल्यात टायर, ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, बॅटरी, विमा आणि नावावर करायचा खर्च. डीलर ३ लाख ९० हजार म्हणत होता. अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी ३ लाख ५५ हजारांवर हात मिळवला.

पेन्सिल आणि चिकटपट्टी

दाजींच्या ऑफिसातल्या कुणीतरी सल्ला दिला होता, “नावावर करायची घाई कशाला? पुढच्या वर्षी परत विकायचीच आहे.” हा सल्ला भयंकर आहे. २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय, की गाडी विकली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. विकणाऱ्याला याचा घोर, आणि घेणाऱ्याला विम्याचा. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपोआप येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र चौदा दिवसांत आपल्या नावावर करून मागावा लागतो. नो क्लेम बोनस तर येतच नाही, तो जुन्या मालकाचा. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बोजा उतरवल्याचा ३५ आणि बँकेचं पत्र. चलनं गाडीच्या नंबरवर बसलेली असतात, ती आधी बघायची. टिआगोवर सिग्नल तोडल्याचं एक निघालं. आधीचे मालक खरोखर डॉक्टर होते.

नाव कुणाचं लावायचं यावर घरात थोडी चर्चा झाली. ताईच्या एका मैत्रिणीचा मुलगा सोळाचा, तो सोसायटीत आणि सोसायटीबाहेरही गाडी फिरवतो, त्याच्या कौतुकाचा विषय तेव्हा निघाला. मी कायद्याचं कलम सांगितलं: अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. २०१९च्या दुरुस्तीत हे आलं. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या गाडीने दोन जीव गेल्यावर लोकांनी ते पहिल्यांदा नीट वाचलं. मैत्रिणीच्या मुलाचं कौतुक तिथेच थांबलं. ताई म्हणाली, “चालवणार ती, तर नाव तिचंच.”

घटस्थापनेला सकाळी गाडी दारात आली. दुपारी एजंट आला. त्याने बॉनेट उघडून चेसिस नंबरवरची धूळ अंगठ्याने पुसली, त्यावर पांढरी चिकटपट्टी दाबून बसवली आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासायला लागला. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण घासायचो, तसं. सतरा अक्षरं एकेक करून वर आली. त्याने तीन ठसे घेतले, दोन फॉर्मवर चिकटवले. तिसरा जरा तिरका आला होता, तो टाकून द्यायला निघाला.

“तो मला द्या की,” भाची म्हणाली.

तिने तो लायसन्सच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवला. तेवढ्यात ताई चाकांखाली ठेवायला चार लिंबं घेऊन आली आणि दाजी सवयीने चालकाच्या दाराकडे निघाले.

“दाजी, मागं,” मी म्हणालो.